जुनी गाडी आणि खरा भाव

नव्या वस्तूला भूतकाळ नसतो, म्हणून ती घेताना नुसते पैसे पुरतात. जुनी वस्तू घेताना पैसे कमी लागतात, पण विश्वास जास्त लागतो. आणि विश्वासाची टंचाई पैशांच्या टंचाईपेक्षाही कठीण असते. दिवाळीच्या दिवसांत वर्तमानपत्रांची पाने नव्या मोटारींच्या चित्रांनी भरून जातात. पाडव्याला झेंडूची माळ घातलेल्या गाड्या दारोदार उभ्या राहतात आणि शेजारपाजारचे लोक पेढे खात त्यांच्याभोवती फिरतात. त्या गाड्यांविषयी चार बरे शब्द लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहावयाचे आहे ते जुन्या गाडीविषयी. खरे म्हणजे गाडीविषयी तरी कशाला? ती विकणाऱ्याने तिच्याविषयी किती सांगावे आणि घेणाऱ्याने त्या सांगण्याचे काय करावे, एवढ्यापुरताच माझा प्रश्न आहे.

प्रश्न काही आजचा नाही. खेड्यांतल्या बैलबाजारात जनावराचे दात बघत, त्याला चार पावले चालवून बघत, पाठीवर थाप मारून बघत. आणि भाव ठरायचा तो उपरण्याखाली, एकमेकांची बोटे दाबून. दात खोटे बोलत नाहीत. पण बैल नांगराला धरल्यावर मध्येच बसतो की नाही, हे दातांवरून कळत नाही. अशा गुप्त दोषाला आपण 'खोड' म्हणतो. हा शब्द जनावराला लागतो तसाच माणसालाही लागतो, यात आपल्या भाषेचे शहाणपण आहे. कारण बैलाची खोड विकणाऱ्याने लपवली, तर ती लपवणे ही विकणाऱ्याची खोड होते.

कायद्याला विचारावे तर तो सावधपणे उत्तर देतो. आपला कराराचा कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात लबाडीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली घोड्याची काही छोटी उदाहरणे आहेत. एकजण लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. मात्र घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडते. घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन.' विकणारा गप्प राहतो. येथे मात्र गप्प राहणे हे बोलण्याइतकेच झाले. म्हणजे मौनाला कायद्याने एकदा निर्दोष ठरवले आणि एकदा दोषी. फरक पडला तो एका प्रश्नाने. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, पण एवढा कायदा मला समजला आणि उपयोगीही पडला.

त्याहून जुने उत्तर रोमच्या सिसेरोचे. इसवी सनापूर्वी 44 साली त्याने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो विचारतो: ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आला आहे. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्या लोकांना माहीत नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याने कोणावर घेण्याची सक्ती केलेली नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसे एकमेकांच्या हितासाठी जन्मलेली आहेत, तेव्हा सांगितलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. दोन हजार वर्षे उलटली. गुरू-शिष्यांचा तो वाद अजून प्रत्येक गॅरेजच्या दारात चालू आहे.

मी त्या दारात जाऊन उभा राहिलो तो गरजेपोटी. माझी आई आता चाकांच्या खुर्चीवर असते. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामोपचारासाठी न्यावे लागते. खुर्चीची घडी घातली तरी आमच्या लहान गाडीच्या डिकीत ती मावत नाही. मागची सीट पाडावी तर माणसांना जागा उरत नाही. जीपच्या वळणाच्या उंच गाडीत खुर्ची मावते, पण आईला चढवता येत नाही. राहिली ती स्टेशन वॅगन: मोटारीसारखी ठेंगणी, छप्पर सरळ शेवटपर्यंत गेलेले, मागचे दार वर उघडणारे. विलायतेत हिलाच इस्टेट म्हणतात. जमीनदारांच्या मोठ्या मालमत्तांवर माणसे आणि सामान वाहण्यासाठी ती वापरीत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे हा घाट रुजला नाही. टाटांनी 1992 साली 'इस्टेट' याच नावाची गाडी काढली, 2004 मध्ये 'इंडिगो मरीना' आणली. आणखी एकदोन कंपन्यांनीही प्रयत्न करून पाहिले. पण आपल्या लोकांना गाडीला मागे पेटीसारखी वेगळी डिकी हवी असते. ती नसली की गाडी त्यांना मालवाहू वाटते. त्यामुळे अशा गाड्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. लोकांची नावड आणि आमची ऐपत यांचे असे छान जमले. मी शेवटी कोणती घेतली ते सांगत नाही. कारण पुढे तिचे दोष सांगायचे आहेत आणि म्हातारपणाचे दोष जन्मदात्याच्या माथी मारू नयेत.

डिझेलची गाडी घ्यायची हा हिशेब माझ्या पत्नीचा. महिन्याला पाचशे किलोमीटर धरा. जुनी डिझेल गाडी लिटरला वीस देते, तशाच बांध्याची पेट्रोल गाडी चौदा देते असे धरा. डिझेल नव्वद रुपये आणि पेट्रोल एकशेचार धरले, तर महिन्याला सुमारे चौदाशे साठ रुपये वाचतात. शाळामास्तराच्या घरात एवढ्या रकमेत महिन्याचे दूध येते. परंतु या हिशेबाला एक दुसरी बाजू आहे, ती आमच्या मिस्त्रींनी दाखवली. ते म्हणाले, "सर, डिझेल गाडी नवी घेताना महाग पडते. मग ती घेतो कोण? ज्याचं चालणं फार आहे तो. तेव्हा जुन्या डिझेल गाडीचा मीटर फार कमी दिसला, तर खूश होऊ नका. आधी ब्रेकच्या पेडलचं रबर बघा."

पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंग हाताळून चकचकीत झालेले आणि मीटरवर मात्र चाळीस हजार. अशी एक गाडी आम्ही पाहिलीसुद्धा. जुन्या गाडीचे दात कसे बघायचे, हे मी त्या उन्हाळ्यात शिकलो. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर का तापवले ते विचारावे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. आणि पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही, तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. टायरवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागावी. तो चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हजारांचे काम पाऊण लाखावर जाते. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर पुन्हा तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे ना, आणि कर्जाचा बोजा उतरलेला आहे ना, हे आर.सी. बुकावर पाहावे.

परंतु दात बघण्यालाही मर्यादा असतेच. दहा वेळांत एकदाच होणारी गोष्ट अर्ध्या तासाच्या फेरीत दिसत नाही. ती ठाऊक असते फक्त मालकाला. आणि ज्या बाजारात मी घेणारा म्हणून उभा होतो, त्याच बाजारात मला आधी मालक म्हणून उभे राहावे लागले. कारण आमची लहान गाडी विकल्याशिवाय मोठी येणार नव्हती.

त्या लहान गाडीला एक खोड होती. दुसरा गिअर कधीकधी आपोआप निसटे. चढावर, ओझे असताना, एरवी नाही. दुरुस्तीला नऊ हजार लागतील, असे मिस्त्रींनी सांगितले होते आणि पुढे हेही सांगितले होते, की काही बोलला नाहीत तर सत्तर हजार सहज येतील. घ्यायला आला तो एक तरुण. घरगुती जेवणाचे डबे पोचवण्याचा धंदा तो सुरू करणार होता. त्याने गाडी फिरवून पाहिली आणि विचारले, "सर, काही काम निघणार नाही ना?" कायद्यातला तो घेणारा आपल्या पायांनी माझ्या अंगणात आला होता. मी गिअरचे सांगितले. नऊ हजार खर्च येईल तेही सांगितले.

तो विचारात पडला आणि म्हणाला, "बावन्न देतो."

मी हिशेब केला. सत्तरांतून नऊ गेले तर एकसष्ट राहतात. मग आणखी नऊ हजार कशाचे? दोषाचे नव्हेत, दोषाचे नऊ त्याने आधीच वजा केले होते. दुसरे नऊ हजार होते ते मी खरे बोललो याचे. दुसरे गिऱ्हाईक नव्हते आणि आईची खुर्ची दारात होती. मी बावन्न घेतले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी कोणालाही वाटेल, एक खोड सांगितली म्हणजे चार लपवलेल्या असतील. या भीतीचे शास्त्र जॉर्ज अकर्लॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एका छोट्या निबंधात मांडले, आणि त्यासाठी निवडलेले उदाहरण जुन्या मोटारींचेच होते. अमेरिकेत खोडीच्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. अकर्लॉफचे म्हणणे असे: चांगली गाडी कोणती आणि लिंबू कोणते हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो मधला भाव देतो. मधला भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून उठून जातो. मग बाजारात लिंबेच जास्त उरतात, भाव आणखी उतरतो, उरलेल्यांतले बरे मालकही उठतात. आणि शेवटी बाजार म्हणून जे राहते ते लिंबांची टोपली. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. 2001 साली त्याच्या कर्त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

अकर्लॉफने दाखवले ते विकणाऱ्यांच्या लबाडीचे फळ. मला त्यात घेणाऱ्यांचाही हात दिसतो. आपण सगळे खरेपणा मागतो. पण खरे सांगणारा भेटला की आपण काय करतो? त्याने दिलेल्या काठीनेच त्याला मारतो. जो बोलला त्याचा भाव पाडतो आणि ज्याने गाडीला पॉलिश मारून तोंड मिटून घेतले त्याला पूर्ण भाव देतो. मग संध्याकाळी घरी येऊन 'जगात प्रामाणिकपणा राहिला नाही' असे म्हणतो. तो राहिला नाही हे खरे असेल. पण त्याला आपणच घासाघीस करून घालवला असेल, ही शक्यताही विसरू नये.

याची परीक्षा मला लवकरच द्यावी लागली. आम्हांला हवी तशी वॅगन एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे निघाली. गाडी सोळा वर्षांची, नोंदणी वाढवून घेतलेली. किंमत एक लाख दहा हजार. मी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि आखीव कागदावर लिहिलेली एक यादी पुढे ठेवली. क्लच संपत आला आहे. टायमिंग बेल्टची मुदत जवळ आली आहे. एसी चालत नाही. तो दुरुस्त करायला अठरा हजार पडतात, ते धरूनच किंमत लावली आहे. डावे मागचे दार एकदा ठोकून नीट केलेले आहे. खाली त्यांची सही. पोस्टातली सवय!

मिस्त्रींनी गाडी पाहिली. यादीत नसलेले त्यांना काही सापडले नाही. बाहेर येऊन ते हळूच म्हणाले, "क्लच आणि बेल्टचे पंधरा हजार होतील. पण सर, म्हाताऱ्याने स्वतःच सगळं लिहून दिलंय. पंच्याहत्तर म्हणा, ऐंशीला देतील."

मला तो सल्ला मोहवून गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. जेथे माझे नऊ हजार बुडाले होते, तेथे दुसऱ्याचे पंधरा हजार बुडवून मी वर आलो असतो. आणि बाजाराच्या रीतीने ते न्याय्यही दिसले असते. परंतु आत जाऊन मी पंच्याण्णव सांगितले. पोस्टमास्तर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "गुरुजी, यादी लिहिली म्हणून घरात सगळे मला हसले," ते म्हणाले. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

या व्यवहारातून मी माझ्यापुरता एक नियम बांधला आहे: दोषाची किंमत वजा करावी, खरेपणाची करू नये. ऐकायला हा नियम सोपा आहे. पाळायला तो विकणाऱ्याच्या नियमाइतकाच कठीण आहे. कारण खोड सांगणाऱ्याला निदान आपण सज्जन आहोत हे समाधान मिळते. घेणाऱ्याला तेही मिळत नाही. हातात आलेली सवलत त्याने सोडली हे कोणाला दिसतही नाही. उलट घरचे लोक त्याला बावळट म्हणतात.

आमच्या घरी तेवढेही सौम्य बोलणे झाले नाही. हिशेब असा झाला होता: लहान गाडीचे बावन्न आणि साठवलेले सदुसष्ट मिळून एक लाख एकोणीस हजार. गाडीचे पंच्याण्णव, क्लच-बेल्टचे पंधरा. उरलेल्या नऊ हजारांत नाव चढवणे, विमा आणि दोन टायर. डबी रिकामी. एसीला अठरा हजार हवे होते आणि गिअरचे बोलताना गेलेले बरोबर अठराच हजार होते. पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही खरं बोललात, चांगलं केलंत. पण त्याचा खर्च तुम्ही नाही दिलात, आईंनी दिला." मे महिन्यात, दुपारच्या वेळी, आई मागच्या सीटवर ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसत असे. मी तिला त्या दिवसांत सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मीही सांगच म्हटलं असतं. पण विचारलं नाहीस."

या बोलण्याला माझ्याजवळ अजून पुरते उत्तर नाही. व्यवहार दोघांचा असतो असे आपण म्हणतो, पण त्यात नेहमी कोणीतरी तिसरा असतो आणि त्याला विचारलेले नसते. खोटे बोलून मी सत्तर हजार घेतले असते, तर डबेवाल्या मुलाच्या खर्चाने आईला गारवा मिळाला असता. खरे बोललो, तर आईच्या खर्चाने मला समाधान मिळाले. दोहोंत दुसरे बरे, असे मला अजूनही वाटते. कारण आपल्या माणसाकडून आपण क्षमा मागू शकतो. उसाच्या गुऱ्हाळासमोरच्या चढावर भरल्या डब्यांसह गाडी अडकलेल्या अनोळखी मुलाकडून ती कशी मागणार? पण बरे म्हणजे फुकट नव्हे. सद्गुणाचे बिल कोणाच्या नावावर फाटते, हे सद्गुणी माणसाने पाहिले पाहिजे.

आणि तिसऱ्याचीच गोष्ट निघाली आहे, तर डिझेलच्या धुराविषयी न बोलणे म्हणजे मीच माझी खोड लपवल्यासारखे होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग होण्याचे कारण म्हणून नोंदवला. 2015 च्या सप्टेंबरात फोक्सवागन कंपनीचे प्रकरण उघडकीला आले. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी आज्ञावली तिच्या डिझेल गाड्यांत बसवलेली होती. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. माझ्या बैलबाजारातल्या व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला असता. येथे बैलच दात दाखवताना खोटे बोलायला शिकवलेला होता. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना कडक नियम लागू झाले; माझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची. तिच्या मागे सायकलवरून येणाऱ्या मुलाने मला काहीही विकलेले नाही, माझ्याकडून काहीही घेतलेले नाही. तरी माझ्या चौदाशे साठ रुपयांच्या बचतीतला काही भाग तो आपल्या छातीने भरतो आहे. इंजेक्टर वेळेवर साफ करून घेणे, एअर फिल्टर बदलणे, एक किलोमीटरच्या कामाला गाडी न काढणे, सिग्नलला इंजिन बंद करणे. एवढे मी करतो. त्याने हिशेब फिटत नाही. पण त्याच्या नावे रक्कम लिहिलेली तरी राहते.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पूजतात. पहिल्या पानावर स्वस्तिक काढतात आणि मग जमा-खर्चाचे रकाने आखतात. ही चाल मला फार आवडते. कारण तिच्यात एक गृहीत धरलेले आहे, की पैशाचा हिशेब देवासमोर उघडा ठेवण्याजोगा असावा. आपण बहुतेक लोक व्यापारी नव्हे. पण वर्षातून एखादी जुनी गाडी, सायकल, शिलाईयंत्र, मुलांची पुस्तके आपण विकतो किंवा घेतो. विकताना खोड सांगावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. घेताना खोड सांगणाऱ्याला शिक्षा करू नये, हे मात्र कोणी शिकवीत नाही. हा दुसरा धडा गिरवल्याशिवाय पहिला टिकणार नाही, असे या मास्तराचे मत आहे. समोरचा माणूस आखीव कागदावर आपल्या वस्तूचे दोष लिहून पुढे ठेवील, तेव्हा दुरुस्तीचे पैसे जरूर वजा करा. मात्र कागदाचे करू नका.